रंग सांगू नये

वाचनालयाच्या टेबलावर एक पाटी होती: ‘पुस्तकाचे नाव किंवा लेखक सांगावा. रंग सांगू नये.’ ग्रंथपालबाईंनी ती मुद्दाम करून घेतली होती. वीस वर्षं रोज कोणी ना कोणी येऊन ‘ते निळं पुस्तक द्या हो’ म्हणायचं आणि बाईंच्या मस्तकात तिडीक जायची. पुस्तकाला विषय असतो, विषयाला नंबर असतो, नंबराला फळी असते. इतकी साधी गोष्ट माणसांच्या डोक्यात का शिरू नये? बाईंच्या घरी डाळींच्या डब्यांवरसुद्धा नंबर होते. “आज सात नंबर शिजणार की अकरा?” असं नवरा विचारायचा आणि सासूबाई खोकल्याचं निमित्त करून हसायच्या. वाचकांनी बाईंचं नाव ‘नंबरबाई’ ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

त्या सोमवारी अकरा वाजता तपासनीस येणार होते. तपासणीचा नियम सोपा होता. ते पाच चिठ्ठ्या देणार आणि चिठ्ठीवरचं पुस्तक तीन मिनिटांत टेबलावर आलं पाहिजे. पाचांतली तीन आली तर वाचनालय चालू. नाही आली तर दाराला कुलूप आणि सगळी पुस्तकं मोठ्या वाचनालयाच्या गोदामात. बाईंना त्याची धास्ती नव्हती, डोळे बांधले असते तरी त्यांनी पाचही काढून दिली असती. उलट वाचनालय जरा नीटनेटकं दिसावं म्हणून त्यांनी शनिवार-रविवारी मांडण्यांना रंग मारून घेतला. “पुस्तकं उतरव आणि परत नीट लाव रे बाबा,” एवढं रंगाऱ्याला बजावून त्या दोन दिवस लेकीकडे गेल्या. नीट म्हणजे कसं, तेही सांगावं लागतं, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

सोमवारी दहाला त्या आल्या, तर रंगारी दारातच उभा. चेहरा नुसता फुललेला.

“बघा ताई! दोन दिवस पाठ टेकली नाही.”

बाईंनी बघितलं. खिडकीपाशी पांढरी पुस्तकं, मग हस्तिदंती, मग पिवळी, केशरी, लाल, हिरवी, निळी, आणि पार दारापाशी काळी. चार हजार पुस्तकं, रंगाला रंग लावून.

“अरे, पुस्तकांच्या पाठीवर नंबर होते ना!”

“होते की. पण नुसता गोंधळ होता हो. लालाशेजारी हिरवं, हिरव्याशेजारी करडं. म्हटलं, ताईंना आजवर कोणी धड लावूनच दिलं नाही.”

इतकं मनापासून केलेलं काम, त्याला काय बोलणार? आणि बोलायला वेळ तरी कुठे होता? तासाभरात चार हजार पुस्तकं हलवायची म्हणजे देवालाही जमलं नसतं. पाटीसुद्धा पठ्ठ्याने नव्याने रंगवून ठेवली होती. ‘रंग सांगू नये’ ही अक्षरं लाल चकचकीत झाली होती.

तपासनीस अकराच्या ठोक्याला आले. त्यांनी मांडण्यांवरून नजर फिरवली.

“हे काय?”

“चूक माझी आहे,” बाई म्हणाल्या. “मला आठ दिवस द्या.”

“तारीख पुढे ढकलता येत नाही. आणि नियमात मांडणीबद्दल अवाक्षर नाही, फक्त तीन मिनिटं.” त्यांनी हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

पहिली चिठ्ठी विहिरी खणण्यावरच्या पुस्तकाची. नंबर बाईंच्या जिभेवर होता, पण पुस्तकाचा रंग? वीस वर्षांत त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता! या टोकापासून त्या टोकापर्यंत त्या धावल्या आणि वेळ संपली. दुसरी चिठ्ठीही तशीच गेली. आता उरलेली तिन्ही मिळायलाच हवी होती. बाईंना रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

कोपऱ्यात पुस्तक चाळत बसलेल्या, शिवणकाम करणाऱ्या मावशी पुढे आल्या. ‘ते निळं द्या हो’ म्हणणाऱ्यांत यांचा नंबर पहिला.

“पुढची चिठ्ठी मोठ्यानं वाच गं.”

“घरगुती औषधांचं...”

“अगं, ते निळं!”

“कुठला निळा?” रंगाऱ्याने विचारलं.

“शाईसारखा. वर पांढरी रेघ.”

“पाचवी फळी, डावीकडून तिसरं!”

पुस्तक टेबलावर आलं. घड्याळात चाळीस सेकंद! चौथी चिठ्ठी एका खलाशाच्या कादंबरीची.

“विटकरी!” मावशी ओरडल्या. “तीनदा रडलेय ती वाचून!”

रंगाऱ्याने ती बोलता बोलता उचलून दिली. बाईंची भीती आता पळाली होती. त्यांना चक्क मजा वाटायला लागली होती.

पाचवी चिठ्ठी तपासनिसांच्या मर्जीची असायची. त्यांनी पेन उघडलं आणि परत बंद केलं.

“नाव आठवत नाही,” ते जरा ओशाळून म्हणाले. “लेखकही नाही. नववं वर्ष असेल मला. दीपगृहात राहणाऱ्या मुलीची गोष्ट होती. शेवटची पानं वाचायच्या आधीच पुस्तक इथे परत करावं लागलं. पिवळं होतं.”

बाईंची नजर पाटीकडे गेली. तपासनिसांनीही ती वाचली.

“पिवळी तिकडे!” रंगारी धावला. तिघांनी पिवळ्या फळ्या पालथ्या घातल्या. सापडेना. दोन मिनिटं गेली.

एकदम रंगाऱ्याने कपाळावर हात मारला. “ऊन! खिडकीतलं ऊन पाठीवर पडतं ना, पिवळा पार उडतो. मी नुसत्या पाठी बघून लावलीत. ते पांढऱ्यांत गेलं असणार!”

पण पांढरी पुस्तकं तीनशे, आणि हातात पाऊण मिनिट.

“सरका!” बाई म्हणाल्या. मुलांच्या गोष्टींचा नंबर त्यांना झोपेतही पाठ होता. पाठीवरच्या नंबरांवरून बोट सरसर धावलं. स्वयंपाक नाही, कायदा नाही, कविता नाही... बोट थांबलं. त्यांनी पुस्तक ओढून काढलं. पाठ पांढरीफटक, पण मुखपृष्ठ पिवळंधमक, आणि त्यावर दीपगृह!

“मिळालं!” बाई ओरडल्या. वाचनालयात ओरडू नये ही दुसरी पाटीही त्यांचीच होती.

तपासनिसांनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी शेवटची पानं उघडली. मावशी, रंगारी आणि बाई मागून डोकावत होते. पुस्तक मिटून तपासनीस म्हणाले, “घरी जाते ती,” आणि डोळे पुसून शेऱ्याच्या कागदावर सही केली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी सगळी पुस्तकं परत नंबरांप्रमाणे लावली, आणि टेबलावरची पाटी मात्र खणात टाकली. तेवढ्यात मावशी आल्या आणि सवयीने म्हणाल्या, “ते लाल पुस्तक दे गं, मागच्या वर्षी नेलेलं.”

नंबरबाईंनी पेन खाली ठेवलं.

“कुठला लाल, मावशी?” त्या म्हणाल्या. “ऊन लागलेला, की न लागलेला?”