आत्याचा मान

"मेरिएल?" शेजारच्या सुमेधाताईंनी भुवया उंचावल्या. "मग मेरीच ठेवा की सरळ! जिभेला तेवढाच आराम."

साउथहॅम्प्टनमधल्या त्या लहानशा बैठकीत हशा पिकला. पाळण्याला फुलं बांधणारी आशा मात्र हसली नाही. आज तिच्या नातीचं बारसं होतं.

तिची सून ईशिता बाळाला थोपटत म्हणाली, "मावशी, आठशे वर्षांपूर्वी इथल्या बायकांची नावं अशी असायची. राण्या नाही हं, ऑर्डिनरी. दळणाऱ्या, सूत कातणाऱ्या. एका जुन्या चर्चमध्ये दगडावर वाचलं. वाटलं, पुअर थिंग, किती एकटी पडली हे नाव! घरी घेऊन जाऊ या."

आशाची बोटं दोऱ्यात अडकली.

मुलाच्या, नकुलच्या आधी तिला एक मुलगी झाली होती. इरावती म्हणायचं ठरलं होतं. बारशाआधीच, नवव्या दिवशी, बाळ गेलं. कागदोपत्री उरलं ते नुसतं 'बेबी प्रधान'. पुढे आशा बाळंतिणींच्या वॉर्डात रिसेप्शनवर लागली. परक्यांच्या लेकींची नावं दिवसभर टाइप करायची आणि आपल्या लेकीचं ओठांआड जपायची. नात झाली तेव्हा वाटलं, आता ते पाळण्यात घालावं. सकाळीच तिने नकुलला नुसतं ते नाव सुचवलं, तेव्हा तो म्हणाला होता, "कानात तूच सांगणार आहेस, आई. तुला हवं ते सांग. ईशिताला मी समजावेन."

"चला, आत्या कुठेय?" सुमेधाताईंनी हाक दिली.

"मला बहीण नाही, मावशी. आईच ठेवणारे नाव."

नकुल सहज बोलून गेला. लहानपणी आशानेच त्याला असं सांगायला शिकवलं होतं.

ती पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानाला दुधाचा वास होता. इरावती अगदी ओठांवर आलं. या कानात घातलं की ते हिचं होणार, जन्मभर हिचंच. मग त्या नऊ दिवसांच्या लेकीपाशी काय राहणार?

"मेरिएल," आशा कुजबुजली. बायकांनी 'कुर्रर्र' करत तिच्या पाठीत लटके धपाटे घातले.

ती सावकाश उभी राहिली.

"सुमेधाताई, हिला आत्या आहे. इरावती. नऊ दिवसांची होऊन गेली. तिच्या वतीने मी नाव ठेवलं."

नकुल आईकडे बघत राहिला.

नाव ठेवणारीला द्यायची साडी ईशिताच्या हातात होती. ती दोन पावलं आशाकडे आली आणि थबकली. मग वळून तिने पाळण्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर साडी ठेवली, वर कुंकवाचं बोट टेकवलं.

जेवणं झाली, माणसं दाटीवाटीने बसली, काही जिन्यावरही बसली. त्या खुर्चीवर कुणी बसलं नाही.