तळ दिसेपर्यंत

बाईंची काठी कठड्याला टेकवलेली होती, चपला काठाशी जोडीनं ठेवलेल्या होत्या, आणि बाई मात्र कुठंच नव्हत्या.

पंपाच्या खोलीतून हात पुसत बाहेर आलेल्या काकांना आधी काहीच वाटलं नाही. कपडे बदलायला गेल्या असतील. बायकांच्या खोलीच्या दाराशी जाऊन त्यांनी हाक मारली, "बाई, झालं का?" उत्तर आलं नाही. काठीशिवाय बाई चार पावलंसुद्धा टाकत नाहीत, हे त्यांना त्या दारातच आठवलं आणि ते काठाकडं धावले.

पोहण्याच्या तलावाचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं होतं. वीतभर खालचं दिसत नव्हतं.

अंगावरच्या कपड्यांनिशी ते उतरले. हातांनी, पायांनी तळ चाचपत राहिले. चौथ्या की पाचव्या बुडीला हाताला कापड लागलं. बाईंना काठावर घेऊन त्यांनी छाती दाबली, तोंडानं श्वास दिला, मधेच दवाखान्याला फोन लावला, पुन्हा छाती दाबली. शेवटी डॉक्टर आले. त्यांनी बाईंची मान वळवून डोक्यामागची जखम पाहिली, मग मनगटावरचं घड्याळ पाहिलं. काका काय समजायचं ते समजले.

काका त्या तलावावर सव्वीस वर्षं होते. नाव कागदोपत्री होतं तेवढंच. लहानथोर सगळ्यांचे ते काकाच. ओंजळभर पाणी नाकाशी धरून क्लोरीन किती पडलंय ते सांगायचे. पण या उन्हाळ्यात पंप तीन दिवस बंद पडला आणि शेवाळानं डाव साधला. आधी भिंतींना हिरवा बुळबुळीतपणा आला, मग अख्खं पाणी पोपटी झालं. त्यांनी जबर क्लोरीन टाकलं, तेव्हा हिरवं मेलं, पण मेलेलं शेवाळ पाण्यात तरंगत राहिलं आणि तलाव असा दुधी झाला. त्याहून चिवट होते ते फरशांच्या सांध्यांतले काळे ठिपके. त्यांची मुळं सिमेंटात. आज तारेच्या ब्रशनं घासावेत, तर परवा पुन्हा हजर.

काकांनी दारावर पाटी लावली : 'शेवाळा मुळे तलाव बंद आहे.' ती पहिल्यांदा वाचली बाईंनीच. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. "काका, 'शेवाळामुळे' एक शब्द. तोडायचा नाही," म्हणाल्या आणि खडू मागून स्वतः दुरुस्त केलं. दोन्ही गुडघे गेलेले. रोज सकाळी कठड्याला धरून पाण्यात अर्धा तास चालायच्या, तेवढ्यावर त्यांचा दिवस निभायचा.

नवव्या दिवशी त्या पुन्हा दारात उभ्या राहिल्या.

"पाच मिनिटं, काका. पाण्याबाहेर पाय माझे राहिलेच नाहीत बघा. काल अंघोळीच्या स्टुलावरून उठता येईना. शेजारणीला बोलवावं लागलं. तशा अवस्थेत." बाईंनी मान दुसरीकडं वळवली.

काकांनी पाण्याकडं पाहिलं. उथळ बाजूच्या पायऱ्या त्यांनी आदल्याच दिवशी घासल्या होत्या. क्लोरीन उतरलं होतं, नवं संध्याकाळी टाकायचं होतं.

"कठडा सोडायचा नाही," ते म्हणाले आणि कुलूप काढलं.

त्यांना पाण्यात उतरवून ते काठावर बसले होते. तेवढ्यात पंप खडखडायला लागला. तो पुन्हा बंद पडला तर नऊ दिवसांची मेहनत पाण्यात. "आलोच," म्हणून ते उठले. पायऱ्या त्यांनी घासल्या होत्या. पायऱ्यांपुढच्या तळावर मेलेल्या शेवाळाचा साय धरल्यासारखा निसरडा थर बसला होता, तो त्यांना दिसलाच नव्हता. दिसणार कुठून?

डॉक्टर गेले आणि तासाभरात ऑफिसात फौजदार येऊन बसले. काका काही बोलायच्या आत व्यवस्थापक म्हणाले, "मागच्या दाराची कडी सैल होती, साहेब. दार ढकलून आत शिरल्या असणार. पाटी तर लावलेलीच होती." मग काकांकडं वळून, "हो ना, काका?"

काकांच्या कपड्यांतून अजून पाणी ठिबकत होतं. ते खाली बघत राहिले. फौजदारांनी ते होकारादाखल लिहून घेतलं.

घरी बायको म्हणाली, "खरं बोलून त्या परत येणार आहेत का? तुम्ही काय वाईट चिंतलं होतं त्यांचं?"

"नाही."

"मग आता तोंड मिटून राहा. तीन वर्षं राहिलीत तुमची."

त्यांनी तोंड मिटलं. तिसऱ्या दिवशी बाईंची मुलगी काठी आणि चपला न्यायला आली. चाळिशीची, आईसारखीच ताठ.

"आई दार ढकलून आत शिरली म्हणे," ती म्हणाली. "माझी आई? बंदची पाटी असताना?"

काकांनी काठी तिच्या हातात दिली. हात मोकळा झाला आणि तोंडातून निघून गेलं, "नाही. कुलूप मी काढलं."

"का?"

"गुडघे फार दुखताहेत म्हणाल्या."

"आणि तुम्ही कुठं होतात?"

"पंपाच्या खोलीत. पाच मिनिटं म्हणून गेलो, वीस झाली. हाक मारली असती तरी पंपापुढं ऐकू आलं नसतं."

 ती शिव्या देईल, निदान रडेल असं त्यांना वाटलं होतं. ती चपला उचलून निघून गेली. काका तसेच चौकीवर गेले आणि जबाब बदलून आले.

व्यवस्थापकांनी कपाळाला हात लावला. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात, काका. आता मला तुम्हाला ठेवता येणार नाही." जरा वेळानं खालच्या आवाजात म्हणाले, "तेवढा तलाव मात्र साफ करून जा. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

काकांनी आणखी बारा दिवस घेतले. तुरटी फिरवून गाळ खाली बसवला, पाइप लावून तो बाहेर ओढून टाकला. मग एकेक सांधा घासला. बोटांची सालं निघाली. काळा ठिपका दिसला की तिथंच उकिडवे बसायचे आणि सिमेंट पांढरं होईपर्यंत उठायचे नाहीत. शेवटच्या दिवशी पाणी असं नितळ झालं, की खोल बाजूच्या फरशा काठावरून मोजाव्यात.

ते ब्रश धूत होते, तेव्हा बाईंची मुलगी दुसऱ्यांदा आली. जबाब बदलल्याचं तिला कळलं होतं की नाही, कोण जाणे. काठाशी उभी राहून तिनं विचारलं, "कुठं?"

काकांनी हात करून दाखवलं.

"किती खोल आहे तिथं?"

आकडा काकांना तोंडपाठ होता. त्यांनी चपला काढल्या, पँट-शर्टासकट पायऱ्या उतरले आणि त्या जागी जाऊन उभे राहिले. पाणी त्यांच्या छातीपर्यंतही पोचत नव्हतं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

ती काठावर बसली. ऊन उतरलं, पाणी गार पडलं, काकांचे दात वाजायला लागले. ती उठून जाईपर्यंत ते तिथून हलले नाहीत.