नववा रकाना

"बाई, ह्यात काय लिव्हायचं?" पुष्पावतीनं मुलाच्या सुटकेच्या अर्जावर बोट ठेवलं. नववा रकाना. जहाजाचा ध्वज.

"तिरंगा," मी म्हणाले आणि लिहूनही टाकलं. शेवगावच्या शाळेत एकतीस वर्षं झेंडावंदन केलेली बाई मी. दुसरं सुचणार काय? चौथीत असताना हीच पुष्पा झेंड्यात बांधायला ओंजळभर झेंडू आणायची.

तिचा मुलगा अंगद मालवाहू जहाजावर इंजिनाला तेलपाणी करायचा. चाच्यांनी जहाज धरलं त्याला चार दिवस झाले होते. त्याच आठवड्यात टीव्हीवर तीन देशांचा करार झाला. एकमेकांची जहाजं राखायची, गस्त एकत्र घालायची. आपला देशही त्यात होता.

"आता सुटतोय बघ अंगद," तिचा दीर कल्याण म्हणाला. "तीन-तीन आरमारं हायेत!"

बाराव्या दिवशी, अर्ज पाठवला होता त्या मुंबईच्या कचेरीतून साहेबांचा फोन आला.

"मावशी, जहाज दुसऱ्याच देशात नोंदवलंय. झेंडा त्यांचा. तो देश करारात नाही, त्याची परवानगी आधी मागावी लागते. तुमच्या अर्जात तिरंगा होता, म्हणून फाईल भलत्याच टेबलावर पडून राहिली."

"झेंडा कुनाचा का असंना. पोरगं तर आपलंच हाय ना?"

"त्याचा अर्ज वेगळा असतो."

गस्तीची बोट जहाजापासून दोन तासांवर उभी होती, हे आम्हाला पेपरातून कळलं. परवानगी मिळून ती पोचली, तेव्हा अंगदला गोळी लागून तीन दिवस झाले होते. चाच्यांनी त्याला समुद्रात टाकलं होतं.

"माझं चुकलं गं," मी म्हणाले.

"तुमचं कशानं, बाई? तुमी शिकवलं तेच तुमी लिव्हलं."

एवढं तिखट ती पूर्वी कधी बोलली नव्हती.

पुढच्या आठवड्यात एक तरुण अधिकारी सरकारचं सांत्वनाचं पत्र घेऊन आला. पुष्पानं त्याला पाणी दिलं, चहा दिला.

"साहेब, तुमी गेलाय का कदी त्या समुद्रावर?"

"नाही. माझं काम ऑफिसातलं."

"म्या तर समुद्र पायलाच न्हाई," ती म्हणाली. "कसा असतो ते अंगद सांगायचा फोनवर. मला वाटायचं, हाय लेकरू त्याच्यात मजेत."

तो खाली मान घालून चहा प्यायला. तो गेल्यावर बाजेवरचं पत्र पंख्याच्या वाऱ्यानं हलू लागलं. पुष्पानं त्याची उष्टी कपबशी त्यावर ठेवली आणि म्हशीची धार काढायला उठली.