खुर्चीवरचा डाग

यंत्र दुरुस्त करायला ओस्मार राजधानीतून आला तोच कपाळाला आठ्या घालून, आणि न विचारता माझ्या खुर्चीवर बसला.

"कोणी टाकलं हे?" त्याने पडद्याकडे बोट दाखवलं.

"डिस्क तुम्ही पाठवलेली. कुठलं बटण दाबायचं ते फोनवर तुम्ही सांगितलेलं. बोट तेवढं माझं," मी म्हणाले.

"मी नववी आवृत्ती म्हटलं होतं, बाई. तुम्ही बारावी घातलीत. वाचता येतं ना?"

बावीस वर्षं मी यवारीच्या पालिकेत गुरांच्या खुणांची नोंद ठेवते. वाचता येतं की नाही, हे मला काल मिसरूड फुटलेल्याने विचारावं! मी खणातून डिस्कचं पाकीट काढून त्याच्या नाकासमोर धरलं. त्यावर त्याच्याच गिचमिड्या अक्षरात बारा लिहिलं होतं. त्याने ते वाचलं, पालथं घातलं आणि म्हणाला, "असो. काढून टाकतो. पाच मिनिटांचं काम."

तेव्हा साडेअकरा वाजले होते. एक वाजता आमचं ऑफिस बंद होतं, आणि त्या दिवशी त्या एक वाजण्याला अर्थ होता. समोरच्या बाकावर आपोलोनिया, आमच्याकडे मानाने न्या आपोलोनिया, मांडीवर गुरांना डाग द्यायची लोखंडी डागणी घेऊन बसली होती. नूतनीकरणाला यायचं तर डागणी घेऊनच यावं लागतं. उलटा चंद्र आणि खाली काठी, ही तिच्या नवऱ्याची खूण. नवरा ऑगस्टात गेला. खुणेची मुदत आज एक वाजता संपत होती. नोंद झाली नाही तर खूण मोकळी, आणि आमच्याकडे जनावर ज्याची खूण त्याचं. तिची एकशेअठरा गुरं ती खूण पाठीवर घेऊन चरत होती.

त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला तिचा दीर विल्फ्रिदो बसला होता, शिंगाच्या पेल्यातून तेरेरे, म्हणजे पाल्याचा गार चहा, ओढत. त्याचा अर्ज सोमवारपासून माझ्या टेबलावर होता. खूण तीच, चंद्र आणि काठी. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा माणूस!

"वहिनी, उन्हाच्या कशाला बसताय? घरी जाऊन पडा," तो म्हणाला.

"भावजी, तुमच्या भावाने तुम्हाला बैलगाडी हाकायला शिकवली. लाज शिकवायची राहिली," ती म्हणाली.

विल्फ्रिदो हसला. पेला भरून त्याने ओस्मारला दिला. मला नाही, तिला नाही.

सोमवारी ती बारावी आवृत्ती यंत्रात शिरल्यापासून आमचा नोंदणीचा प्रोग्राम उघडतच नव्हता. त्याला माहितीसाठ्याची जुनी आवृत्ती लागते, नवी चालत नाही. म्हणजे आधी बारावी काढायची, मग नववी घालायची. ओस्मारने बटण दाबलं. पट्टी सरकू लागली आणि अर्ध्यावर थांबली. पडद्यावर आलं, 'मूळ डिस्क घाला.' त्याने माझ्याकडची घातली. यंत्र म्हणालं, ही ती नव्हे.

"ही तिची नक्कल आहे," तो पुटपुटला.

"मग मूळ?"

"ऑफिसात."

ऑफिस म्हणजे राजधानीत, सहा तासांवर. मग त्याने हाताने फाइली पुसायला सुरुवात केली. मी म्हटलं, हात लावू नका. तो म्हणाला, मला शिकवू नका. बारा वाजून वीस मिनिटांनी नववी घालायला गेलं की यंत्र म्हणायचं, आधी बारावी काढा. बारावी काढायला गेलं की म्हणायचं, बारावी इथे नाहीच. दोन्ही दारं बंद, आणि मध्ये हा उंटावरचा शहाणा घाम पुसत बसलेला.

"तुमचं यंत्रच जुनाट आहे," तो म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हटलं. "सोमवारपर्यंत तेच यंत्र छापत होतं."

विल्फ्रिदोने घड्याळ पाहिलं. "आता झालं की. सेफेरिना, माझा अर्ज वर काढून ठेव."

न्या आपोलोनिया रडली नाही. ती मला फक्त म्हणाली, "सेफे, यंत्र नव्हतं तेव्हा कसं करायचे गं?"

हे मला आधी सुचलं नव्हतं, याचा मला स्वतःचाच राग आला. दाराजवळ काचेत जुने नियम लावलेले आहेत. कोणी वाचत नाही, मीसुद्धा नाही. मी उठून वाचले. सातवा नियम अजून कोणी रद्द केला नव्हता. नोंदवही उपलब्ध नसल्यास ऑफिसच्या मालकीच्या कातड्यावर डाग द्यावा, दोन साक्षीदारांनी कारण लिहून सही करावी.

कातडी पूर्वी भिंतीला टांगलेली असत. यंत्र आलं तेव्हा ती जाळली. मी खोलीभर पाहिलं. मग ओस्मारला म्हणाले, "ऊठ."

"काय?"

"खुर्चीवरून ऊठ."

माझ्या खुर्चीची बैठक गाईच्या कातड्याची आहे. पाठीमागे पालिकेचा शिक्का आणि क्रमांक. बावीस वर्षं मी तिच्यावर बसले.

"ही खुर्ची आहे!" विल्फ्रिदो ओरडला.

"कातडं आहे ना? ऑफिसचं आहे ना? मग गप्प बस."

दाराशी न्या देओलिंदा विकायला चोरिसोची मसालेदार सॉसेजं भाजत होती. मी हाक मारली. ती निखाऱ्यांसकट शेगडी घेऊन आत आली आणि तिने डागणी तिच्यात खुपसली. एक साक्षीदार ती झाली. दुसरा हवा होता. अर्जदार चालत नाहीत, म्हणून विल्फ्रिदो बाद. राहिला ओस्मार.

मी एका साध्या वहीत कारण लिहिलं, 'राजधानीतून पाठवलेली चुकीची आवृत्ती पाठवणाऱ्यालाच काढता आली नाही.' आणि पेन पुढे केलं.

"मी यावर सही करणार नाही. माझी नोकरी जाईल."

"मग एकच्या आत यंत्र चालू कर. ते चाललं तर मी हे पान फाडते."

त्याने पडद्याकडे पाहिलं. विल्फ्रिदोने पेला भरून त्याच्यापुढे धरला. "नको करूस, पोरा. पंधरा मिनिटं नुसता बस."

ओस्मारने पेल्याला हात लावला नाही. म्हणाला, "आभारी आहे." तेरेरेवर आभार मानले की पिणं संपलं. त्याने सही केली. दयेने की माझ्या डोळ्यांच्या धाकाने, मला आजही ठाऊक नाही.

एकला सहा मिनिटं कमी असताना न्या आपोलोनियाने डागणी उचलली. कातडं चरचरलं. जळक्या केसांच्या वासाने विल्फ्रिदो खोकत बाहेर गेला.

यंत्राच्या पडद्यावर अजून 'काढण्याचं काम चालू आहे' असंच दिसतं. खुर्ची आता सरकारी कागद आहे, तिच्यावर बसायला मनाई आहे. नवीन खुर्चीचा अर्ज मी केला, आणि त्याला उत्तर आलं की माझ्याकडे एक आहे. म्हणून मी उभी राहून काम करते. न्या आपोलोनिया दर शुक्रवारी येते, चंद्रावरची धूळ शालीच्या पदराने पुसते आणि गुरांकडे परत जाते.