पिठातलं पाऊल

दुपारच्या सामसुमीत कुकरची शिट्टी झाली आणि प्राचीचं लाटणं थांबलं. कान देऊन ती बसून राहिली. आता आत धडपड होईल, पोर खाटेखाली शिरेल, मग गुरगुर, मग दात. पण काहीच झालं नाही.

सात वर्षांची समृद्धी खाटेवर होती तशीच बसून होती. हात मांडीवर, डोळे भिंतीकडं.

"गुण आला गं बाई!" तिच्या सासूबाई, बयाबाई, दारातूनच ओरडल्या. "शिट्टीला हालली बी न्हाई! ए ठकूबाई, ये की, बघ येऊन!"

बयाबाईंचा आवाज आळीच्या टोकापर्यंत जातो. घटकाभरात ओसरी भरली. कुणी समृद्धीच्या तोंडापुढं टाळी वाजवली, कुणी ताट आपटलं. एकानं तर दारात मोटारसायकलचा हॉर्न दाबून बघितला. पोर ढिम्म.

"सावळेराम बाबाचं कामच तसलं," शेजारची ठकूबाई म्हणाली. "वाघ काढला, वाघ! पिठात पाऊल उमटलेलं या डोळ्यांनी बघितलंय म्या."

लोक हात जोडत होते. प्राचीनंही जोडले. पण लेकीच्या डोळ्यांकडं बघायचं तिनं टाळलं.

या भागात बिबट्याला सरसकट वाघच म्हणतात. उसातून निघतो, कुत्रं-शेळी उचलतो, लोक चार दिवस बोलतात आणि कामाला लागतात. दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो यांच्या अंगणात आला आणि समृद्धीच्या डोळ्यांदेखत मोती कुत्र्याला घेऊन गेला. तेव्हापासून मोठा आवाज झाला की पोर खाटेखाली. ओढून काढायला जावं तर गुरगुरायची, चावायची. गावातल्या शाळेनं हात टेकले आणि गावानं निदान करून टाकलं: वाघ अंगात शिरला.

प्राची बारावी सायन्स. तिनं आधी तरी शहाणपणा केला होता. मंचरच्या बाजूला एका शाळेत अशा पोरांसाठी वेगळा वर्ग होता, तिथं समृद्धीला घातलं. तिथं शिकवणं आणि उपचार अशा दोन वेगळ्या खोल्या नव्हत्या. मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई आठवड्याला येऊन वर्गातच बसायच्या, आणि रोजचं काम जुन्नरच्या रूही मॅडम बघायच्या. वजाबाकी चालू असताना पोर बाकाखाली गेलं, तर मॅडम वही घेऊन बाकाखाली जायच्या. हातचा तिथं घ्यायचा. प्रत्येक पोरानं आपलं एक 'सांगायचं माणूस' निवडायचं, भीती वाटली की त्यालाच सांगायचं, असा तिथला नेम. समृद्धीनं आई निवडली होती.

गुण येत होता, पण गोगलगायीच्या चालीनं. त्यात नणंदेचं लग्न आलं. ऐन मंगलाष्टकांत बँड वाजला, समृद्धी जेवणाच्या टेबलाखाली शिरली आणि बाहेर काढणाऱ्या नवरदेवाकडच्या मामीला कडकडून चावली. अख्खा मांडव बघत होता. कुणीतरी हसून म्हणालं, "वाघीण सांभाळा, पावणं!" प्राचीला धरणी दुभंगावी असं झालं. लेक थरथरत होती, हे तिच्या ध्यानात आलं ते घरी पोचल्यावर. त्याची लाज तर आणखी वेगळी.

त्याच आठवड्यात गुरुवारी ती सासूबाईंबरोबर कळंबला बाबाच्या दरबारात गेली.

हा सावळेराम पूर्वी आळेफाट्याला ट्रकच्या लाकडी बॉड्यांवर मोर आणि वाघ कोरायचा. मग त्याला साक्षात्कार झाला, आणि कोरीवकाम सुटलं असं तो सांगायचा. मांडवात लाकडी स्टेज, स्टेजवर पाट, पाटावर चाळलेल्या पिठाचा जाड थर, वर टोपली. घरात माणूस गेलं की दिव्याखाली पीठ पसरायचं आणि सकाळी त्यात कशाचं पाऊल उमटलं ते बघायचं, ही इथली जुनी रीत. त्यामुळं पिठाला कुणी प्रश्न विचारत नाही. बाबानं नेमकं तेच हेरलं होतं.

"हट् वाघोबा, फट् वाघोबा! सोड लेकरू, धर जंगल!" बाबा गरजला. "डॉक्टरचं सायन्स जिथं संपतं, तिथं आपलं व्हायब्रेशन चालू होतं, राव! वाजवा!"

स्टेजवरच टेकवलेले दोन ढोल घुमले. समृद्धी आईच्या कमरेला जळवेसारखी चिकटली. बाबा अचानक थांबला, डोळे मिटले, आणि माईकमध्ये म्हणाला, "मला साखळी दिसती. या पोरीनं त्या सांजेला कुत्रं साखळीनं बांधलं व्हतं. म्हून त्याला पळता आलं न्हाई. त्या मुक्या जिवाचा तळतळाट हाय हा!"

मांडव हादरला. बयाबाईंनी कपाळ जमिनीला टेकवलं. त्या सांजेला साखळी पोरीनं घातली होती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुन्हा ढोल वाजले, टोपली उचलली, आणि पिठात मांडवभर लोकांच्या देखत स्पष्ट पाऊल. नखांसकट.

समृद्धीचे हात आईच्या कमरेवरून सुटले. ती गुरगुरली नाही, चावली नाही, रडलीसुद्धा नाही. त्या दिवसापासून ती बोललीच नाही. यालाच आळी गुण म्हणत होती.

ओसरीवरची गर्दी पांगली आणि रूही मॅडमची स्कूटी दारात थांबली. पोर वर्गात का येत नाही, हे विचारायला त्या आल्या होत्या.

"आता गरज न्हाई तुमच्या शाळंची," बयाबाई म्हणाल्या. "बाबानं एका बैठकीत काढलं. हे बघा, फोटू हाय."

मॅडम समृद्धीशेजारी खाली बसल्या. फोटो बघितला आणि मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला. बराच वेळ गेला. मग पोरीचं बोट स्क्रीनवर टेकलं.

"नखं," ती पुटपुटली.

इतक्या दिवसांनी पहिला शब्द!

"नखांचं काय, समू?"

"वाघ चालताना नखं आत घेतो. वर्गात तक्ता आहे. हे कुत्र्याचं आहे."

"अगं पण पाऊल उमटलं तर खरं ना आपोआप!" बयाबाई हट्टाला पेटल्या. "टोपलीला कुणी हात लावला न्हाई!"

"आजी, तुमच्याकडं आप्पेपात्र आहे?" मॅडमनी विचारलं.

प्राचीनं आणून दिलं. मॅडमनी त्यावर पीठ चाळलं, खळगे बुजवले, वरून हलक्या हातानं सपाट केलं. खाली पात्र आहे असं वाटेना. "आता बाबाचे ढोल," म्हणत त्यांनी लाटण्यानं कडेवर टकटक केली. पीठ बसायला लागलं. जिथं खाली खळगा तिथं जास्त खचलं, आणि बघता बघता वर गोल गोल खळ्या दिसू लागल्या.

"चाळलेलं पीठ हलकं असतं. डबा भरून आपटला की नाही का खाली बसत? पाटावर पाऊल कोरलेलं असणार. व्हायब्रेशन म्हणाला, तेवढं मात्र खरं बोलला."

बयाबाईंनी लाटणं घेतलं आणि स्वतः पुन्हा करून बघितलं. मग पदरानं तोंड पुसलं.

प्राची दहावीपासून पीठ चाळत आली होती. हे तिला दिसू नये? पण खरा काटा पुढंच होता. तिनं मॅडमना अंगणात नेलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, "साखळीचं समूनं फक्त मला सांगितलं होतं. दरबारात थांबलो होतो तेव्हा तिथल्या एका बाईनं चहा दिला. लई गोड बोलली. मी रडले, आणि बोलून गेले."

"पाटाचं लोकांना मीसुद्धा सांगू शकते," मॅडम म्हणाल्या. "हे मात्र तुम्हालाच सांगावं लागेल."

पुढच्या गुरुवारी समृद्धीला मॅडमजवळ वर्गात ठेवून प्राची नवऱ्याला, गोकुळला, घेऊन कळंबला गेली. पाटासमोर या खेपेला दुसरीच आई बसली होती, मांडीवर थरथरणारा मुलगा. ढोलकऱ्यांनी टिपऱ्या उचलल्या तशी प्राची स्टेजवर चढली.

"बाबा, आज ढोल न वाजवता पाऊल उमटवा."

"वाघाला वाजंत्री लागती, बाई!" बाबा हसला. मांडवही हसला.

"मग माणसाला कशाला घाबरवता?" म्हणत तिनं टोपली बाजूला केली आणि पदरानं पाटावरचं पीठ झाडून टाकलं. खाली लाकडात सुबक कोरलेलं पाऊल. नखांसकट.

"कारागीर म्हणून चांगला आहेस, सावळेराम," गोकुळ खालून ओरडला. "पण वाघ कधी बघितला नाहीस!"

हशा उसळला. बाबा 'कोप होईल, कोप होईल' म्हणत मागच्या कनातीकडं सरकला. पण मांडवात बसलेली ठकूबाई उठून उभी राहिली. "पाटाचं ऱ्हाऊ दे. साखळीचं त्याला कसं कळलं? ते तर खरं निघालं न्हवं?"

प्राचीला वाटलं, इथून उतरावं आणि चालू लागावं.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "चहा देणाऱ्या बाईला. लेकीनं विश्वासानं मला सांगितलेलं मी इथं सांडलं. त्यानं ते माईकवर वाचलं. याला अंतर्ज्ञान म्हणतात इथं." तिनं त्या दुसऱ्या आईकडं बघितलं. "ताई, तुमच्या पोरात कुणी शिरलेलं नाही. ते घाबरलंय. तापाला औषध देतो, तसं भीतीलाही लागतं. शिकलेली माणसं आहेत त्यासाठी, आणि पोरापाशी बसायला आपण आहोत. वेळ लागतो. एका बैठकीत पोर गप्प झालं, तर ते बरं झालं असं समजू नका. आधी बघा, ते गप्प का झालं."

ती बाई मुलाला उचलून खाली उतरली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. प्राचीला त्याचं बरंच वाटलं.

संध्याकाळी ओसरीवर ती समृद्धीबरोबर शेंगा फोडत बसली. पाटाचं सगळं सांगितलं. पोर हसली, चक्क दात दिसले. मग प्राचीनं हातातली शेंग खाली ठेवली.

"समू, तू मोतीला बांधलंस म्हणून काही झालं नाही. रोज संध्याकाळी आपण बांधायचोच. आणि साखळीचं बाबाला ओळखून कळलं नव्हतं. मी सांगितलं होतं. माझं चुकलं."

समृद्धीनं एक दाणा तोंडात टाकला. बराच वेळ चावत राहिली. मग आईकडं न बघता तिनं विचारलं,

"मग आता मला भीती वाटली, की कुणाला सांगू?"