अरे-तुरे

खांद्यात फोन दाबून ती जेवणाच्या डब्याचे झाकण उघडत होती आणि पलीकडून पंपघरातले काका तक्रार करत होते.

"पोरी, तुझं मशीन माझ्याशी अरे-तुरे करायला लागलं बघ."

तिला हसू फुटले. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून पंपघरांना सूचना पाठवणारा प्रोग्रॅम तिचाच. कालपर्यंत त्या इंग्रजीत जात. पंपघरातल्यांनी वर्षभर भुणभुण लावली, तेव्हा कुठे आज सकाळपासून त्या आपल्या भाषेत जाऊ लागल्या होत्या.

"असं काय म्हणालं ते?"

"'आज टाकी धुण्याचे काम चालू आहे. खालची मोटर सुरू कर.' कर! तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे मी."

झाकण तिच्या हातात तसेच राहिले. मूळ सूचना समोरच्या पडद्यावर होती. तिचे शेवटचे शब्द होते, 'सुरू करू नका.'

"काका, मोटर सुरू केलीत?"

"छे! नीट 'करा' म्हण, मग करतो. इतक्या वर्षांत मला असं कुणी बोललं नाही."

"करू नका. बटणाला हातसुद्धा लावू नका. टाकीत माणसं उतरलीत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"माझा जावई आहे त्यात," काका म्हणाले. फोन न ठेवताच त्यांची पावले दूर गेली.

चूक शोधायला तिला वेळ लागला नाही. तारेवरून अक्षरे जातच नाहीत, जातात ते बाइट. इंग्रजीचे अक्षर एका बाइटात मावते. आपल्याकडे प्रत्येक वर्ण, प्रत्येक काना, प्रत्येक उकार तीन-तीन बाइट खातो. पंपघरातले यंत्र एका सूचनेचे एकशे अठ्ठावीस बाइट घेते आणि उरलेले मुकाट्याने टाकून देते. तिने लांबी मोजली होती, पण अक्षरांची. चाचणीला 'ऐकू येतंय का?' एवढेच पाठवले होते. ते बिनबोभाट पोचले होते.

शेवटी अर्धे तुटलेले अक्षर पडद्यावर वाईट दिसते, म्हणून ते गिळून टाकायची सोयही तिनेच हौसेने केली होती. त्यामुळे 'करू'चा उकार गेला, 'नका' गेले, आणि मागे 'कर' उरले. नीटनेटके. कुणाला संशय येऊ नये इतके.

आपल्या भाषेत नकार शेवटी येतो, हे काही तिला नव्याने कळायचे नव्हते.

"टाकीतले सगळे वर आले," पाळीप्रमुख तिच्या खुर्चीमागे येऊन म्हणाले. "म्हाताऱ्याच्या नाकावरचा राग आज कामी आला. चल, दुरुस्त कर आणि जेवून घे."

ती जेवली नाही. आज गेलेल्या सगळ्या सूचना तिने काढल्या आणि एकेक वाचू लागली. बऱ्याचशा लहान होत्या, अख्ख्या पोचल्या असणार. एक लांब होती, उत्तरेच्या पंपघराची. तिथे परवा गटार फुटून घाण पिण्याच्या पाण्यात गेली होती.

'नमुने सकाळी तपासायला गेले आहेत. वस्तीला पाणी सोडू नका.'

तिने पडद्यावर बोट टेकवून मोजले. मग पुन्हा मोजले. दोन्ही वेळा बोट 'सोड'वर थांबले.

उत्तरेला काकांसारखे रागीट कुणी नव्हते. तिथे महिन्याभरापूर्वी आलेली एक मुलगी होती. हुशार, तत्पर, सांगितलेले काम मान खाली घालून करणारी. पहिल्याच घंटीला तिने फोन उचलला.

"अगं, वस्तीचं पाणी..." हिने घाईघाईने सुरुवात केली.

"सोडलं ना ताई! निरोप आला तसं लगेच," पलीकडून उत्साहाने उत्तर आले. "आता तर पार टोकाच्या घरापर्यंत पोचलं असेल. अजून काही करायचंय?"