दारातला चेहरा

पार्वतीच्या बाराव्याला फ्रेम करण्याजोगा एकही फोटो घरात सापडला नाही. आमोणे गावातल्या घरी ती नेहमी दारातच बसायची. मागे अंगणातलं लख्ख ऊन आणि तिचा चेहरा काळा, असेच सगळे फोटो निघाले होते. शेवटी मतदार ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतला.

महिन्याभराने तिचा नवरा सगुण मुलीला, सेजलला, घेऊन डिचोलीच्या बाजारात डिजिटल कॅमेरा घ्यायला गेला. दुकानदार मेगापिक्सल सांगू लागला.

"ते राहू दे," सगुण म्हणाला. "बाय, तू दारात उभी राहा."

पहिल्या कॅमेऱ्यात सेजलचा चेहरा काळवंडला. दुसऱ्यात चेहरा दिसला, पण मागचा रस्ता पांढराफटक झाला. तिसऱ्यात तिचे डोळेही दिसले आणि रस्त्यावरची भाजीवालीही.

"हाच द्या."

"घरात काही कार्य आहे?" दुकानदाराने विचारलं.

"नाही."

परतीच्या बसमध्ये सेजलने खिडकीशी बसलेल्या बापाचा फोटो काढून त्याला दाखवला. बाहेरचं उन्हातलं शेत आणि त्याचा चेहरा, दोन्ही स्वच्छ आले होते.

"बरो आयला," तो म्हणाला.

आपल्याला रडू येईल असं त्याला वाटलं होतं. आलं नाही. त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला आणि पुन्हा बाहेर बघत बसला.